नडगीवरचा अर्धा अंगठा

आधीच सांगतो, माझ्या दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची नाही. शेजारचा चपलांचा दुकानदार दर अमावस्येला स्वतःसाठी एक आणि माझ्यासाठी एक आणतो, आणि मी माझी त्याला परत करतो. गेली एकवीस वर्षं दहिवडीत एस.टी. स्टँडच्या मागे माझं मेडिकल आहे. कुणी बाहेरचं झालंय म्हणून आलं, तर मी आधी ताप बघायला सांगतो... आणि बहुतेक वेळा ताप असतोच. तेव्हा गूढ अनुभवांच्या या सदरासाठी आपण कधी काही लिहू असं वाटलं नव्हतं. लिहितोय, कारण जे घडलं त्याच्या मुळाशी माझी चूक आहे. ती झाकून नुसता अनुभव सांगितला तर तो खोटा होईल.

बिरूमामा हे माझे सख्खे मामा. म्हसवडच्या अलीकडे त्यांची वाडी आहे. मेंढरं राखणारा माणूस. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे, पावसाच्या तोंडावर परत यायचे. त्यांना मूलबाळ नाही. पाचवीपासून मी त्यांच्याकडेच होतो. हौसामामीच्या हातचं खाऊन मी डी.फार्म. झालो.

मामांच्या उजव्या हाताचा अंगठा अर्धा होता. कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये नखासकट वरचा भाग तिरका कापला गेला होता. तो कुठे टेकवला की एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला सरळ ठसा उमटायचा. ओल्या मातीत, मामीच्या पिठाच्या गोळ्यावर, तो ठसा मी लहानपणापासून पाहिलाय. त्याच अंगठ्याने ते मेंढरं तपासत. पापणी खाली ओढून आतला रंग बघायचा, मग गळ्याखाली दाबायचं. तिथं सूज असली की खड्डा राहायचा. मग त्या मेंढराला ते बाजूला काढत आणि म्हणत, "पानी गळ्याला दिसतंय बापू, पर बिघाड काळजात हाय." काळीज म्हणजे लिव्हर. मी कॉलेजात गेल्यावर हे ऐकून हसायचो. मामाही हसायचे.

साठीला आल्यावर मामांचे गुडघे दुखायला लागले. रोजची दहा-दहा मैलांची चाल. मी गोळ्या दिल्या. आराम पडला. मग ते रिकामी स्ट्रिप दाखवून 'हीच दे' म्हणायचे आणि मी द्यायचो. कळप घेऊन निघाले की सहा-सात महिन्यांच्या एकदम. चिठ्ठी नाही, रक्त-लघवी तपासणं नाही. पाच वर्षं हे चाललं. माझीही कंबर दुकानात उभं राहून दुखायची, त्यामुळे कधी कधी ते काउंटरच्या त्या बाजूला आणि मी या बाजूला, दोघंही एकाच पाकिटातली गोळी एकाच तांब्यातल्या पाण्याने घ्यायचो. "मामा-भाचं एकाच बाटलीवर," असं ते आल्यागेल्याला सांगायचे.

एका दुपारी ते आले. पाय पायरीवर ठेवला, धोतर वर घेतलं आणि स्वतःची नडगी दाबून दाखवली.

"बापू, खड्डा भरंना रं. मेंढराचं आसतं तर म्या काढलं आसतं बाजूला."

दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. मी वाकूनसुद्धा पाहिलं नाही. दिवसभर चालता, पाय सुजणारच, असं म्हणालो. लघवी जास्त व्हायची एक गोळी दिली आणि तिच्या जोडीला दुखण्याच्या गोळ्यांची नवी स्ट्रिप.

"तू शिकल्याला," म्हणाले. "तुला ठावं."

पुढच्या वैशाखात उलट्या सुरू झाल्या, दम लागायला लागला, अंगाला खाज सुटली. साताऱ्याला एका दवाखान्यात नेलं. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, दुखण्याच्या गोळ्या बरेच दिवस घेत होता का? मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. मामांनी माझ्याकडे पाहिलं... फार वेळ नाही, एक श्वासभर. आणि म्हणाले, "न्हाई सायेब. तसलं काय न्हाई."

मी गप्प राहिलो.

कॉटखाली मामीची एक कापडी पिशवी होती. तिच्यात मामांच्या सगळ्या रिकाम्या स्ट्रिपा होत्या. त्या संध्याकाळी ती पिशवी मी उचलली आणि दुकानात नेऊन खालच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. फेकून देण्याचंही धाडस झालं नाही. दीड महिना डायलिसिस चाललं. मग मामा गेले. गोळ्यांनी नुकसान झालं, हे डॉक्टरांना वेळेत कळून काही फरक पडला असता का, ते मला माहीत नाही. पण त्यांना ते कळू दिलं नाही, एवढं मला नक्की माहीत आहे.

वर्ष गेलं. मी दुकान उघडत होतो, बंद करत होतो, आणि गोळ्या विकत होतो. मामीकडे गेलो की ताटावर मान वर व्हायची नाही. शेवटी ठरवलं की आपण जे केलं ते शरीरात नेमकं काय करतं, ते पूर्ण समजून घ्यायचं. अर्धवट नाही. सांगलीला एका कॉलेजात दुकानदार फार्मासिस्टांसाठी शनिवार-रविवारचा वर्षभराचा कोर्स होता. त्यात मुख्य विषय पॅथोफिजिओलॉजी — रोग शरीरात कसा घडत जातो, एका अवयवातून दुसऱ्यात कसा जातो, त्याचा अभ्यास. पुस्तकांचं ओझं घेऊन मी दर शनिवारी पहाटेची विटामार्गे सांगलीला जाणारी एस.टी. धरायला लागलो. वर्गात बहुतेक जण माझ्याहून वीस वर्षांनी लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी मला काका करून टाकलं.

शिकवायला एक मॅडम होत्या. फळ्यावर माणसाची आकृती काढायच्या आणि तिच्यावर बाण ओढत जायच्या. किडनी बिघडली की प्रोटीन लघवीतून जातं, म्हणून अंगात पाणी साठतं. बी.पी. वाढतं, ते हृदयावर येतं. रक्त तयार करायचा निरोप किडनीतून हाडांना जातो, तो थांबला की माणूस पांढरा पडतो. हाडं ठिसूळ होतात. कातडीला खाज सुटते. त्यांचा प्रत्येक बाण जिथं जाऊन टेकत होता तिथं मला मामा दिसत होते. पाच वर्षांत ते पाच वेगवेगळ्या तक्रारी घेऊन माझ्याकडे आले होते आणि मी त्यांना पाच वेगवेगळ्या पुड्या बांधून दिल्या होत्या. तो सगळा एकच रोग होता. जो माणूस मेंढराचा गळा दाबून लिव्हर ओळखायचा, त्याला हे समजलं होतं. मला नव्हतं.

कोर्सच्या दुसऱ्या महिन्यातला रविवार. सकाळी मॅडमनी सूज तपासायचं प्रात्यक्षिक घेतलं. जोड्या करायच्या, एकमेकांच्या नडगीवर अंगठ्याने पाच सेकंद दाबायचं, खड्डा राहतो का बघायचं. माझ्या जोडीला तासगावचा सचिन, तोही मेडिकलवाला. त्याने माझा पाय दाबला. खड्डा नाही. मॅडमनी स्वतः दाबून पाहिलं, नॉर्मल. "काका, तुमची नडगी म्हंजे सागवान हाय," सचिन म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत बाकीचे चहाला गेले. मी मागच्या व्हरांड्यात बाकावर डबा खाल्ला आणि पुस्तक उघडलं. दीड वाजला असेल. समोर रिकामं पटांगण आणि रखरखीत ऊन. डाव्या पायाची पँट सकाळपासून गुडघ्यापर्यंत दुमडलेलीच होती...

माझ्या नडगीवर कुणीतरी दाबलं.

बोट लागल्यासारखं किंवा मुंगी चावल्यासारखं नाही. अंगठा टेकवून, जोर हळूहळू वाढवत, आतल्या हाडापर्यंत. घाई नसलेल्या माणसाने दाबावं तसं. मी पुस्तक बाजूला केलं आणि खाली पाहिलं. माझ्या डोळ्यांदेखत कातडी आत जात होती. दाबणारं कुणी नव्हतं. मग जोर सुटला, आणि खड्डा तसाच राहिला. एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला सरळ.

मी ओरडलो नाही. खरं सांगायचं तर भीतीही वाटली नाही. शाळेत असताना चोरून काही खाल्लं आणि मामा मागे येऊन उभे राहिले, की पाठीला जे वाटायचं ते वाटलं.

सचिन चहा घेऊन परत येत होता. त्याला हाक मारली. त्याने पाहिलं, ग्लास खाली ठेवला आणि मोबाइल काढून वेळ लावली. खड्डा भरायला दोन मिनिटांच्या वर लागली. "मगाशी तर काय नव्हतं," तो म्हणाला. "आन हा आसा अर्धाच कसा?" मी त्याला काही सांगितलं नाही. त्याने मॅडमना बोलावलं, तोवर कातडीवर पुसटशी खूण तेवढी उरली होती. त्या म्हणाल्या, बाकाच्या कडेला पाय टेकला असेल. सचिनने वाकून बाकाच्या खालून हात फिरवला, सगळीकडे गोल पाइप. मॅडमनी उजवा पाय दाबून पाहिला, डावा पुन्हा दाबून पाहिला. दोन्ही नॉर्मल. सूज नसलेल्या पायात असा खड्डा टिकत नाही, हे त्यांनीच दोन तासांपूर्वी शिकवलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "काही असो, लघवी तपासून टाका. तपासायची पट्टी लॅबमध्ये आहेच."

पट्टी हिरवी झाली. लघवीतून प्रोटीन जात होतं. बी.पी. पाहिलं, तेही वाढलेलं.

रात्री सचिनकडेच राहिलो आणि सोमवारी सकाळी सांगलीतल्या एका फिजिशियनकडे गेलो. रक्ताच्या रिपोर्टवर किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन हद्दीच्या थोडं वर. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, लवकर आलात, पण आलात कसे? या टप्प्यावर माणसाला काहीच कळत नाही. मग त्यांनी तोच प्रश्न विचारला — दुखण्याच्या गोळ्या बरेच दिवस घेता का?

जिभेवर 'नाही' आलं होतं. हे मी लपवत नाही.

"घेतो," मी म्हणालो. "आठ वर्षं झाली. आणि दुसऱ्यांनाही देतो."

तिथून थेट दहिवडीला आलो, ड्रॉवरमधली पिशवी काढली आणि संध्याकाळच्या जीपने वाडीवर गेलो. मामी वाघरीत होती. मेंढरांचा जाळ्याचा वाडा, त्यात बसून एका पाटीचा, म्हणजे तरण्या मेंढीचा, खूर साफ करत होती. मी तिच्यासमोर पिशवी ठेवली आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. गोळ्या, पायरीवरचा पाय, डॉक्टरांचा प्रश्न, माझं गप्प राहणं, पिशवी. नडगीचं मात्र बोललो नाही. एवढं सगळं कबूल करताना भुताचा आधार घेतोय असं वाटलं असतं.

मामीने खूर पुरा केला, मग पाटीला सोडलं.

"पिशवी म्याच ठिवली हुती तिथं," ती म्हणाली. "डाक्टरला दावायला. सकाळी बघतीया तर न्हाई. तवाच कळलं मला."

मग एवढे दिवस का बोलली नाहीस, असं मी विचारलं.

"ह्यांनी घातलीती शपथ. म्हनले, त्याला कळंल तवा त्यो आपनहून यील. तू जाऊ नगंस." तिने पिशवी स्वतःकडे ओढून घेतली. "म्या रोज वाट बघितली. लय राग आला तुजा, बापू. आजून हाय. माफ-बिफ मला जमायचं न्हाई."

मी होय म्हणालो. 

"पर जाता जाता त्यांचा जीव गुडघ्यात न्हवता आन किडनीत बी न्हवता," ती म्हणाली. "सारखं एकच म्हनायचे. त्यो बी त्याच गोळ्या खातुया. एकदा बापूचा पाय दाबून बघाय पायजे हुता."

मी तिथेच मातीत बसलो. सांगलीचं मी घरी बायकोलाही अजून सांगितलं नव्हतं. सचिनला मामा माहीत नव्हते आणि मामीला सचिन. मग मी तिला व्हरांडा, बाक, दीडची वेळ आणि अर्धा अंगठा, सगळं सांगितलं. ती दचकली नाही. 

"खड्डा भरला का?" तिने विचारलं.

"भरला."

"मग आता बाकीच्यांचं बग. समद्या वाड्यांवरच्या म्हाताऱ्यांस्नी तूच दिल्यात गोळ्या."

ते मी करतोय. वर्षानुवर्षं ज्यांना मी चिठ्ठीशिवाय दुखण्याच्या गोळ्या दिल्या, त्यांची आठवून आठवून नावं काढली. एकोणीस माणसं निघाली. एकेकाच्या घरी जाऊन मी काय केलंय ते सांगितलं आणि तपासणीला घेऊन गेलो. दोघांच्या किडन्यांना सुरुवात झालेली निघाली. त्यातल्या एका आजोबांनी मला दारातच शिव्या घातल्या आणि मग गाडीत बसले. दोघांच्याही गोळ्या बंद झाल्या, औषधपाणी चालू आहे. माझंही चालू आहे. कोर्स सोडलेला नाही. गिऱ्हाइकं कमी झालीत, कारण आता माझ्याकडे दुखण्याची गोळी मागणाऱ्याला आधी पाय पायरीवर ठेवावा लागतो आणि मी वाकून त्याची नडगी दाबतो.

मॅडमना मी पुन्हा एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, शरीराच्या संवेदना कधी कधी फसवतात. फसवत असतीलही. पण सचिनच्या मोबाइलवर वेळ मोजली गेली होती, आणि दोन माणसांनी तो ठसा बघितला होता. मामीचं वाक्य तर मी त्याच्यानंतर ऐकलं. याची उत्तरं मला पुस्तकात सापडलेली नाहीत आणि मी ती लावूनही घेत नाही.

रोज सकाळी शटर वर करण्याआधी पायरीवर बसतो, डावी पँट वर घेतो आणि माझ्या अंगठ्याने पाच सेकंद दाबतो. खड्डा राहत नाही. गेल्या महिन्यात एका आजींच्या पायावर राहिला. मी नीट निरखून पाहिला. पूर्ण गोल होता, माझ्याच अंगठ्याचा. त्यांना त्याच दुपारी साताऱ्याला घेऊन गेलो.