दीड बोटाचा सौदा

पुण्यात मी दोन दिवस भावाचा एक शब्दही तोंडातून काढला नाही, आणि तरीही भाव न करण्याची पैज हरलो.

आमच्या मिरजगावात हे कोणाला खरं वाटणार नाही. हरल्याचं वाटेल, गप्प बसल्याचं वाटणार नाही. एका शेळीपासून जनावरांचा धंदा सुरू करून मी आज दारात स्वतःचा टेम्पो उभा केला आहे, आणि तो काही गप्प बसून उभा राहिलेला नाही. मी औषधाच्या दुकानातही भाव करतो. एकदा एसटीच्या तिकिटाचा केला होता (कंडक्टरनं मधेच उतरवलं. उरलेलं अंतर चालत गेलो, पण तेवढं भाडं वाचलंच की नाही?). माझा आवाज चढला की शेजारची म्हैस पान्हा चोरते, अशी शेजाऱ्याची तक्रार आहे.

एवढ्या पक्क्या माणसाला आयुष्यात एकानंच फसवलं. माझ्या सासऱ्यांनी. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग अजून ठणठणीत आहे.

तेव्हा ते माझे सासरे नव्हते. कर्जतकडचे नावाजलेले व्यापारी होते आणि मी नवखा पोरगा होतो. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं एकमेकांचा हात धरतात, वर टॉवेल टाकतात आणि टॉवेलाखाली बोटं बोलतात. एक बोट धरलं म्हणजे एक, सगळा पंजा धरला म्हणजे पाच, बोटाच्या मधल्या पेरावर दाबलं म्हणजे अर्धा, टोकाच्या पेरावर पाव. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. सासऱ्यांची एक खोड होती. सौदा पटत आला की ते समोरच्याच्या अंगठ्याचं नख हळूच दाबायचे. त्या दाबानं समोरच्याला वाटायचं, आपण जिंकलो. मलाही वाटलं. जिंकलेला बैल घेऊन घरी आलो, तर तो सरळ गोठ्याच्या खांबाला धडकला. उजव्या डोळ्यानं आंधळा होता.

दुसऱ्याच दिवशी भांडायला त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा मागवला. चहा घेऊन जी मुलगी आली ती मंदा. भांडण राहून गेलं. बैल आंधळा निघाला, पण मुलीचे दोन्ही डोळे शाबूत आहेत, हे लग्न झाल्यापासून मला रोज जाणवतं.

आमची मुलगी पल्लवी पुण्याला कोथरूडमध्ये राहते. लोकांच्या घरांची सजावट करून देते (घर तुमचं, पैसे तुमचे, सोफा कुठे ठेवायचा ते ती सांगणार). तिच्या डोक्यात आलं की आईनं महिनाभर तिच्याकडे राहावं आणि चित्रांच्या वर्गाला जावं. मंदा पोळ्याला बैल रंगवते. शिंगांवर वेली, पाठीवर मोर, मानेवर झेंडूची फुलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या दारात बैलांची रांग लागते. पण बैल वर्षातून एकदा, आणि पल्लवी म्हणत होती रोज, कागदावर.

मंदा त्यावर हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. फक्त त्या दिवशी भाकरी थापताना गुणगुणत होती. तेव्हाच मला धोका कळला.

"तीन गायींची धार कोण काढणार?" मी विचारलं.

"तुमी," मंदा म्हणाली.

मी जनावरं घेतो, जनावरं विकतो. धार काढणं हे वेगळं खातं आहे. मोटारी विकणारा माणूस कधी पंक्चर काढतो का? मी आवाज चढवला. शेजारची म्हैस आटली. शेवटी पल्लवीनं फोनवरून तोड काढली. दोघांनी आधी दोन दिवस पुण्याला या, पाहुण्यांसारखं नाही, इथल्या माणसांसारखं फिरू, मग ठरवू. (पाहुण्यांसारखं मी पूर्वी फिरलो होतो. माझ्या मेव्हण्यानं मला प्राणिसंग्रहालय दाखवलं होतं. जनावरांच्या व्यापाऱ्याला जनावरं, आणि तीही न विकायची!)

"आप्पा, पण इथं भाव करायचा नाही," पल्लवी म्हणाली. "मला इथंच राहायचंय."

यावर मंदानं पैज मांडली. "दोन दिसात ह्यांनी एकदा जरी भाव केला, तर मी महिनाभर तुझ्याकडं ऱ्हाईन. न्हाई केला, तर गपगुमान माघारी येईन आन पुन्हा इषय काढायचा न्हाई. पंच तू."

मी लगेच हो म्हणालो. दोन दिवस तोंड बंद ठेवायचं, बदल्यात जन्मभर आयती भाकरी. इतका स्वस्त सौदा मला कधी मिळाला नव्हता.

पहिला दिवस मी सहज काढला असता, पण त्या शहराची रचनाच माझ्याविरुद्ध आहे. रिक्षा बोलावली तर भाव मोबाईलवर उमटला. ठरवणारा माणूस समोर नाही. डोळे वटारायचे तरी कोणाकडे? मग एका ठिकाणी कॉफी प्यायला गेलो. तिथल्या मुलानं फेसावर दुधानं पिंपळाचं पान काढून दिलं. माझं पान मी एका घोटात संपवलं. मंदानं कप हातात धरला आणि बघत बसली. कॉफी गार झाली तरी पिईना.

"पी की," मी म्हणालो.

"मोडवत न्हाई," ती म्हणाली. आणि त्या पोराला विचारून आली की हात कसा फिरवायचा.

खरी परीक्षा दुपारी झाली. पल्लवी आम्हाला एका खानावळीत घेऊन गेली. बांबूच्या खुर्च्या, मातीची ताटं, वाढणारी सगळी शिकलेली मुलं-मुली. जेवण झक्क होतं. मी बिल मागितलं, तर एक चष्मेवाला पोरगा हसून म्हणाला, "काका, इथं बिल नसतं. तुम्हाला योग्य वाटेल ते त्या पेटीत टाका."

मला घाम फुटला. भाव सांगतच नाहीत म्हणजे काय? त्यानं काही सांगावं, मी त्याच्या निम्मं म्हणावं, त्यानं कपाळाला हात लावावा, मी उठून चालू लागावं, त्यानं हाक मारावी, अशी जगाची रीत आहे. इथे दोन्ही बाजूंनी मीच! मनात एक आकडा आला. तो मलाच जास्त वाटला. निम्मा केला. निम्मा केल्यावर जेवणातली भरली वांगी आठवली आणि लाज वाटली, पुन्हा वाढवला. पेटीसमोर मी बराच वेळ ओठ हलवत उभा होतो. मागे रांग लागली.

"आई, हा भाव धरायचा का?" पल्लवीनं विचारलं.

मंदानं माझ्याकडे नीट बघितलं. "सोताशीच चाललंय. सोड एक डाव."

दुसऱ्या दिवशी दुपारी पल्लवीनं आम्हाला चित्रांच्या प्रदर्शनाला नेलं. जुन्या कारखान्याची शेड होती, पांढराशुभ्र रंग दिलेली. संध्याकाळी मिरजगावची गाडी होती. आता थोडाच वेळ कळ काढायची होती. त्यात समोर भिंतभर मोठा बैल आला. वशिंड पुढे सरकलेलं, पाय शेळीचे, शेपूट उपटून पुन्हा लावल्यासारखी. खाली किमतीची चिठ्ठी होती. त्या किमतीत मी चार जिवंत बैल, गाडी आणि हाकणारा दिला असता. माझी जीभ दातांपर्यंत आली. मी ती चावली.

मंदा मात्र चित्रापुढून हलेना. "डोळं बराबर काढल्यात," ती म्हणाली. "दोनी."

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

शेवटच्या दालनात चित्रच नव्हतं. मधोमध छतापासून जमिनीपर्यंत काळ्या कापडाचा पडदा होता. पडद्याला हात जाईल एवढी भोकं पाडलेली होती आणि प्रत्येक भोकापुढे एक स्टूल. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसवायची, भोकातून हात घालायचा आणि पलीकडच्या अनोळखी माणसाचा हात धरायचा. बोलायचं नाही, डोकवायचं नाही. पलीकडे कोण आहे ते कळू नये म्हणून दारातली मुलगी प्रत्येकाच्या हातावर कोपरापर्यंत कापडी बाही चढवत होती. घड्याळ नाही, बांगडी नाही, नुसता पंजा. यालाही कला म्हणतात. मंदा म्हणाली तिला पुन्हा बैल बघायचाय, आणि पल्लवीला घेऊन मागे फिरली. मला पाय दुखत असल्यानं स्टूल बरं दिसलं. बसलो. हात आत घातला.

पलीकडून एक हात आला. आला, माझ्या पंजावरून फिरला, माझ्या डाव्या... नाही, उजव्याच तर्जनीवर क्षणभर थांबला (हे बोट दाव्यात अडकून वाकडं झालेलं आहे), आणि मग त्या हातानं माझी तीन बोटं एकदम घट्ट धरली.

माझ्या अंगात वीज गेली. तीन!

वर कापड, खाली बोटं. पुण्यात, या पांढऱ्या शेडमध्ये, पडद्यापलीकडे कोणीतरी बाजारातला माणूस बसला होता. हात खरखरीत होता, दावं ओढलेला, विळा धरलेला. दोन दिवस मी उपाशी होतो. कशाचा भाव, कोणाचं जनावर, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी त्याचं एक बोट धरलं. एक!

त्यानं पुन्हा तीन धरली. मी हात झटकून मागे ओढला. चिडल्याचं सोंग. त्यानं हात तसाच पुढे धरून ठेवला. पक्का! मी परत गेलो, पुन्हा एक. तो अडीचवर आला. मी एक धरून बसलो. तो दोनवर आला, मी सव्वाचं सुचवलं, त्यानं माझ्या तळहातावर नख मारलं. शेजारच्या स्टुलावरची माणसं येत होती, जात होती. मी कपाळाचा घाम पुसत होतो. दारातली मुलगी माझ्याकडे भक्तिभावानं बघत होती. तिला वाटलं, मला काहीतरी अनुभव येतोय.

शेवटी मी एक बोट धरलं आणि दुसऱ्याच्या मधल्या पेरावर दाबलं. दीड. पलीकडचा हात थांबला. मग माझ्या अंगठ्याच्या नखावर हळूच दाब आला.

कुठेतरी आत मला ओळखीचं वाटलं. पण सौदा पटल्याच्या आनंदात मी तिकडे लक्ष दिलं नाही. तळहातावर टाळी दिली, टाळी घेतली आणि स्टुलावरून उठून त्या मुलीला म्हणालो, "पोरी, पलीकडचा गडी एक नंबर. तीनवरून दीडवर आणला, पण हाडाचा व्यापारी. असा हात आमच्या बाजारातसुद्धा आता राहिला नाही."

पडद्याच्या टोकाकडून हाडाचा व्यापारी बाहेर आला. डोक्यावर पदर होता. हातावरची बाही उतरवून तो बांगड्या सारख्या करत होता.

"दीड महिना," मंदा म्हणाली. "ठरलं."

पल्लवी भिंतीला टेकून हसत होती. मी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्या हाताकडे.

"तुला बोटं कधीपासनं कळायला लागली?"

"आबांच्या बैलगाडीत बसून बाजारात जायची मी. तुमच्या आधीपासनं." आबा म्हणजे तिचे वडील. अंगठ्याचं नख!

मी पंचाकडे दाद मागितली. मी एक शब्दही बोललेलो नाही, तेव्हा हा भाव धरता येणार नाही. पल्लवी म्हणाली, आप्पा, तुम्ही स्वतःच आत्ता तीनवरून दीडवर आणला असं सांगितलंत. मी म्हणालो, बरं, हरलो. पण पैज एका महिन्याची होती, हे दीड कुठून आलं?

"ती पैज हुती, ह्यो सौदा हाय," मंदा म्हणाली. "टाळी दिलीया तुमी. फिरवा आता शबूद."

बाजारात टाळी दिल्यावर शब्द फिरवला तर दुसऱ्या दिवशी कोणी चहाला विचारत नाही. हे मीच तिला शंभर वेळा सांगितलं आहे. मी नुसता बसलो असतो तर शून्य महिने होते. पैज सरळ हरलो असतो तरी एकच होता. मी जीव तोडून, घाम गाळून, घासाघीस करून तो दीड केला होता.

"निदान ओळखायचं तरी," मी कुरकुरलो. "माझं वाकडं बोट तुला कळलं, मग सांगायचंस."

"मला कळलं," ती म्हणाली. "तुमाला का न्हाई कळलं? बैलाचं दात बघून वय सांगता. माझ्या हातच्या भाकरी कवापासनं खाता?"

मी हातावरची बाही उतरवायला लागलो. पल्लवीनं नंतर गाडीवर सोडायला येताना सांगितलं की आई सगळा वेळ हसत होती, आणि दीडवर आल्यावरसुद्धा तिनं हात लगेच सोडला नव्हता. (चारचौघांत आम्ही आजवर एकमेकांचा हात धरलेला नाही. धरला, तो पडद्याआडून, आणि मला ती दाढीमिशीवाला गडी वाटली.)

मिरजगावची गाडी मी एकट्यानं पकडली.

आता रोज पहाटे मी गायींपुढे बसतो. पहिल्या दिवशी तांबडीनं बादली उडवली, दुसऱ्या दिवशी मला. तिसऱ्या दिवसापासून मी मंदाचं जुनं लुगडं डोक्यावरून घेऊन बसतो. गायी थोड्या फसतात. मंदा मोबाईलवर चित्रं पाठवते. त्यातला एक बैल मला इतका ओळखीचा वाटला की मी फोन जवळ धरून बघितला. एक डोळा पांढरा ठेवलाय!

परवा मी फोन केला आणि फार गोड आवाजात म्हणालो, "मंदा, दीडचा एकच करू या की."

"फोनवर कुठं भाव व्हतो?" ती म्हणाली. "त्याला हात लागतो."

तेव्हा रविवारी पुण्याला, त्याच पडद्यापाशी जाणार आहे. शेजाऱ्याला एक दिवस धार काढायला सांगितलंय, त्यानं मागितले तेवढे पैसे मी मुकाट्यानं कबूल केले. आजपर्यंत कोणाशी केला नव्हता इतका वाईट सौदा आहे, आणि पलीकडे कोण बसलंय ते या वेळी मला चांगलं माहीत आहे. तरी हात आत घालणार आहे, आणि माझं मन मला सांगतंय की येताना मी दीडचे दोन करून येणार.