कळव्याची मीठचौकी

“मॅडम, भिंतींना खार फुटलाय. हात लावला की प्लास्टर गळतं. अजून काय बघायचं?” रस्ते विभागाचे कुलकर्णी साहेब घाईत होते.

कळव्याला खाडीलगत पत्र्याच्या छपराचं एक गोदाम होतं. नव्या रस्त्याच्या आखणीत ते एका कडेला अडत होतं. मी कॉन्झर्व्हेशन आर्किटेक्ट. शहरातल्या जुन्या वास्तू शोधून त्यांची हेरिटेज यादी करायचं काम माझ्याकडे होतं. यादीतली वास्तू सहजासहजी पाडता येत नाही. म्हणून समिती प्रत्येक नावामागे पुरावा मागते. या गोदामाचा एकही कागद मला सापडला नव्हता. बैठक शुक्रवारी होती, सोमवारी जेसीबी येणार होता.

बुधवारी एकटीच पुन्हा मोजमापं घ्यायला गेलेले. समोरच्या ओट्यावरून एक म्हातारे गृहस्थ बघत होते. गोमाकाका. ऐंशीच्या पुढचे.

“काय मोजतंस गो बाय?”

“हे गोदाम, काका.”

“गोदाम नाय. मिठाची चौकी हाय ही. माजा बापूस हितं मीठ तोलायचा.”

आसपासच्या मिठागरांतलं मीठ इथे यायचं, तोललं जायचं आणि होड्यांत चढायचं. मी काकांना आत घेऊन गेले. त्यांनी डाव्या भिंतीवर हात ठेवला.

“गोणी हितं लागायच्या. छातीवरी. आन् मागच्या भिंतीला.”

“आणि दाराकडे?”

“तिथं कशा लागतील? तिथं काटा टांगलेला. वर आकडा आसंल बघ.”

मी चारही भिंती पुन्हा पाहिल्या. खार नेमका त्याच दोन भिंतींना होता, तोही छातीपर्यंतच. जमिनीतून ओल चढली असती तर चारही भिंतींना खार दिसला असता. हे मीठ गोण्यांमधून विटांत मुरलेलं होतं. नंतर कोणीतरी वरून सिमेंट थापलं आणि ते आत कोंडलं गेलं.

गुरुवारी परवानगी काढली. हातभर प्लास्टर काढलं. आत चुन्यातलं विटकाम, घट्ट. नंतर कधीतरी ठोकलेल्या सीलिंगची एक प्लायवूड शीट उतरवली. वर सागवानी तुळई आणि तिच्यात लोखंडी आकडा. मी खालून ओरडलेच.

बैठकीला गोमाकाका इस्त्रीचा सदरा घालून आले. मी नकाशे, फोटो मांडले. काकांनी गोण्या कशा लागायच्या ते हातवारे करून सांगितलं.

“पण स्ट्रक्चर कमकुवत आहे ना?” कुलकर्णी साहेबांनी विचारलं.

“प्लास्टर कमकुवत आहे, सर. भिंत दोन फूट जाड आहे.”

त्यांनी आकड्याचा फोटो जवळ घेऊन पाहिला. मग स्वतःच रस्त्याचा नकाशा पुढे ओढला. “गटार पलीकडच्या अंगाला घेतलं, तर रस्ता सरकेल.”

चौकी यादीत आली. दुरुस्तीत आम्ही सिमेंट खरवडलं आणि भिंतींवर ओल्या कागदाचा लगदा थापला. वाळताना तो विटांतलं मीठ ओढून घेतो. असं पुन्हा पुन्हा केलं, मग चुन्याचा गिलावा. देवळं, तलाव, बंगले यांच्या यादीत आता एक अशी जागा आहे, जिथे माणसांनी पाठीवर गोण्या वाहिल्या. माझ्या नोकरीतलं हे काम मी सगळ्यांना आवर्जून दाखवते.

सर्व्हेच्या फॉर्ममध्ये तेव्हापासून मी एक रकाना वाढवलाय: ‘इथे काम कोण करायचं?’ वास्तूचं वय त्याच्या खाली लिहायचं.