अप्पांचा चुना आणि माझ्या पेशी

हुमनाबादला आमचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. दुकानाच्या चौकटीवर, उजव्या हाताला, बोटांच्या पांढऱ्या ठशांचे थर आहेत. अप्पा, माझे वडील, पानाला चुना लावतात आणि बोटावर उरलेला तिथं पुसतात. आई दर दिवाळीला चौकट रंगवून घेते. आठवड्यात पुन्हा तेच.

मी मेंदूतल्या चेतापेशींवर काम करते. स्वतःच्या आतलं कॅल्शियम त्या कसं सांभाळतात, हा माझा विषय. शाळेपासून सगळं इंग्रजीत शिकले. त्यामुळे अप्पांनी फोनवर "आज काय केलीस गं माय?" विचारलं की घरच्या भाषेत शब्द सापडायचे नाहीत. "तेच, अप्पा," एवढंच म्हणायची.

मागच्या उन्हाळ्यात घरी गेले ते एक गोष्ट सांगायला. परदेशातल्या प्रयोगशाळेत जागा मिळाली होती, आणि पुढची काही वर्षं घरी येणं अवघड होतं. आईला सांगून झालं होतं. अप्पांना सांगायला दुपारी दुकानात जाऊन बसले, आणि तोंडातून भलतंच निघालं.

"अप्पा, माझं काम सांगू का? तुमच्या चुन्यातच असतंय ते."

"चुना शिकायलीस व्हय इतकी वर्षं? हितंच शिकिवलं असतं की."

मी हसले. चुन्यात कॅल्शियम असतं, म्हटलं. पेशीच्या बाहेर ते भरपूर, आत अगदी नावापुरतं. निरोप आला की दारं क्षणभर उघडतात, थोडं आत येतं, आणि तेवढ्यावर निरोप पुढच्या पेशीला जातो. मग आतले पंप लगेच ते बाहेर काढायला लागतात; थोडं आतल्याच कोठ्यांत भरून ठेवतात.

"आन् आतच ऱ्हायलं तर?"

"फार साठलं तर पेशी मरती, अप्पा."

त्यांनी पानाला चुना लावला, बोट चौकटीला पुसलं. पान न खाता हातातच धरून बसले.

"भाईर काढलेलं परत येतंय का आत?"

"येतंय की. निरोप आला की."

हैदराबादकडं जाणारी एक लॉरी हॉर्न देत गेली. 

"कवा जायलीस?"

म्हणजे आईनं सांगितलं होतं. मी तारीख सांगितली. त्यांनी हातातलं पान माझ्यापुढं धरलं. आमच्या घरात मुलींना पान फक्त सणाला मिळायचं. मी खाल्लं. चुना जरा जास्तच झाला होता.

इथं परदेशातल्या प्रयोगशाळेत मी पडद्यावर पेशी बघत बसते. कॅल्शियम आत आलं की आत सोडलेल्या रंगामुळं पेशी उजळते, पंप चालले की मंदावते. उजळलेली असताना मला वाटतं, अजून थोडी राहावी. पण तशीच राहिली तर ते बरं लक्षण नसतं.

अप्पा आता फोनवर विचारतात, "काय म्हणतोय तुझा चुना?"

"येतोय, जातोय."

"आन् तू?"

मी म्हणते, दिवाळी झाली, चौकट रंगवली का?

"न्हाई," ते म्हणतात. "औंदा चुना ऱ्हाऊ दे म्हनली तुझी आई."