इंदूताईंचे सहा महिने

आखाती घरांत आइस्क्रीमचे रिकामे डबे साठत जातात. टाकवत नाहीत आणि कशाला लागतील तेही ठाऊक नसतं. किश्श्यांचं तसंच होतं. मुलाकडे इथल्या करामा वस्तीत राहायला आलो, तेव्हा मी इतिहासावर एक गंभीर पुस्तक लिहिणार होतो. ते झालं नाही. होईल असं मलाही कधी खरं वाटलं नव्हतं. साठले ते हे डबे!

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. बिल्डिंगखाली दोन बाकं होती. व्हिजिट व्हिसावर मुलांकडे आलेल्या आया ऊन उतरलं की तिथे बसायच्या. पुरुष मी एकटाच. इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक म्हणून मला प्रवेश मिळाला. ऐकून घेणारा म्हणून टिकलो, असा माझा समज आहे. चुकीचाही असेल.

*

सुशीलाताई सावंतवाडीच्या. गोवा पोर्तुगीजांकडे होता तेव्हा त्या सुकटीच्या टोपलीत तळाशी पत्रकं घालून हद्द ओलांडायच्या. एकदा नाक्यावरच्या पोलिसाने टोपलीत हात घातला. यांनी त्या हातावर चापट मारली.

"आधी भाव विचार!"

त्याने विचारला. यांनी सांगितला. तो भडकला. "एवढा? जा, घेऊन जा तुझी सुकट!"

"पण एवढा का सांगितलात?" मी विचारलं.

"मला काय माहीत हो सर, सुकट कशी देतात ते! मी शाकाहारी!"

*

इंदूताई म्हणजे आमच्या शेजारच्या अविनाशची आई. त्यांच्या माहेरच्या गावाजवळचा संभाजी अल क्वोजच्या कामगार कॅम्पात राहायचा, साइटवर सेंटरिंगचं काम करायचा. शुक्रवारी सुट्टी, म्हणून बस पकडून त्यांना भेटायला यायचा.

त्याची आजी बेचाळीस साली भूमिगतांना भाकरी पोचवायची. एक दिवस फौजदार थेट चुलीपाशी आला. घरात माणसं दोन, दुरडीत भाकरी चौदा!

"कुनासाठी गं?"

"माज्यासाठी."

"खाऊन दाव."

आजी मांडी घालून बसली. सातव्या भाकरीला फौजदारालाच बघवेना, तो उठून गेला.

"त्यानंतर मरेस्तवर आजीनं भातच खाल्ला," संभाजी म्हणाला.

इंदूताईंनी गंभीरपणे विचारलं, "बरोबर कालवण होतं का रे?"

"न्हाई. कोरड्याच."

"मग खरी बाई!"

*

इंदूताई स्वतः त्याच साली, सोळाव्या वर्षी मामलेदार कचेरीवर झेंडा लावताना पकडल्या गेल्या. मॅजिस्ट्रेट म्हणाला, "पोरी, माफी माग, घरी सोडतो."

"साहेब, घरी आई आहे. तुरुंगातच पाठवा!"

त्याने सहा महिने दिले.

शेजारी बसलेल्या नातीने, अविनाशच्या मुलीने, डोळे मोठे केले. "आजी, यू चोज जेल?"

"तू माझ्या आईला बघितलं नाहीस, बाळा."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

"दहा वर्षांचा होतो. मोर्चा आला की खिडकी लावून घ्यायचो."

"असू द्या. सगळेच तुरुंगात गेले असते, तर इतिहासाला प्रोफेसर कुठून मिळाले असते?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो, जरा उशिराच.

*

इंदूताईंची मुलगी लंडनला. लग्नानंतर बारा वर्षांनी बाळ होणार होतं. इंदूताईंना इथूनच तिकडे जायचं होतं. अविनाश व्हिसाचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आला. एका रकान्यात विचारलं होतं, कुठल्याही देशात शिक्षा झाली आहे का?

मी पेनाचं टोपण काढलं. "'नाही' लिहू या. पंचावन्न वर्षं झाली, कोण बघतंय?"

"करेक्ट," अविनाश म्हणाला. "आई, यल्ला, चल लवकर, सही कर."

"काय लिहिलंत?"

"नाही."

"मग ते सहा महिने मी कुठे होते?"

"आई, रिजेक्ट झालं तर खलास! ताईची तारीख तोंडावर आलीय. दुसऱ्यांदा अप्लाय करायला वेळ नाही."

इंदूताईंनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला. त्यांना मुलीजवळ पोचायचं होतं. गेले दोन महिने त्या बाकावर बसून टोपडी विणत होत्या.

"'होय' लिहा, सर."

मी लिहिलं. अक्षर वाकडं आलं.

*

ब्रिटिश वकिलातीत इंटरव्ह्यूला बोलावलं. अविनाशला रजा मिळेना, म्हणून दुभाषा मी. काचेपलीकडे एक तरुण गोरी अधिकारी, तिच्यामागे भिंतीवर राणीचा फोटो.

"शिक्षा कशाबद्दल?" तिने विचारलं.

मी सुरुवात केली. त्या काळची परिस्थिती, चळवळीची पार्श्वभूमी...

"सर, लेक्चर नको," इंदूताई म्हणाल्या. "झेंडा लावला, एवढंच सांगा."

सांगितलं.

"शिक्षा कोणी दिली?"

इंदूताईंनी फोटोकडे बोट दाखवलं. "हिच्या वडिलांनी."

मी इंग्रजीत म्हणालो, "तेव्हाच्या प्रशासनाने."

"त्यात 'फादर' आलं नाही, सर. मी तसं नाही म्हटलं."

 इंदूताईंचं लेकीकडे जाणं माझ्या एका वाक्यावर अडकलं होतं. मी शब्दशः भाषांतर केलं.

अधिकारी खुर्चीत वळली. फोटोकडे बघत राहिली. परत वळली, तेव्हा तिचा चेहरा काही सांगत नव्हता. फॉर्मवर काहीतरी लिहिलं, शिक्का ओढला, आणि पासपोर्टवर मारला.

"सिक्स मंथ्स."

एवढं इंग्रजी इंदूताईंना येत होतं. त्या माझ्याकडे वळल्या.

"परत सहाच?"