उंबऱ्याजवळची उशी

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पैंजणाला घुंगरू जोडत होते. हातातलं काम तसंच राहिलं... महिना झाला, आज लिहायला बसले.

ताई दर गुरुवारी कोल्हापूरहून एसटीने हुपरीला यायच्या. चांदीकाम करणाऱ्या आम्हा दहा-बारा बायकांना त्यांनी कामातल्या अडचणी बोलायला समाजमंदिरात गोल बसवलं. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. पार्वतीअक्का म्हणायची, "ही मुकी नुसती च्या प्यायला येतीया." ताई हसायच्या, "ऐकणारं माणूसबी लागतं की, अक्का."

ताईंचं बसणं मात्र न्यारं. आधी मधोमध, मग आमच्यात, मग दर बैठकीला थोड्या मागं. वर्षभरात पार उंबऱ्याशी, चपलांजवळ पोचल्या. आम्हाला वाटलं, रागावल्या. आम्ही त्यांची बसायची उशी मधे मांडायचो, त्या ती उचलून उंबऱ्याशी न्यायच्या. "आमचा कटाळा आला व्हय?" अक्काने विचारलंच. "मी उठून गेले तरी बैठक चालली पायजे," एवढंच म्हणाल्या. मला काही उमगलं नाही.

उमगलं ते आम्हाला काम देणारे शेठ आले त्या दिवशी. चांदी उजळायचं तेजाब आम्ही घरातच वापरायचो, चुलीशेजारी. त्याच्या वाफेनं पोरं खोकून बेजार. ते काम शेठनी आपल्या कारखान्यात करून घ्यावं, असं ठरलं होतं. बोलणार होती अक्का. पण शेठ थेट दाराकडे वळले, "बोला ताई, काय म्हणणं हाय?"

"मी पावणी. बैठक त्यांची हाय."

सगळ्या अक्काकडे बघू लागल्या. अक्का पदर चाळवत बसली. मी ताईंकडे पाहिलं... त्या चपला सरळ लावत होत्या, मान वर केली नाही. मग माझाच आवाज मला ऐकू आला, "शेठ, पैंजण घडवू, घुंगरू जोडू. पर तेजाब आमच्या घरात येणार न्हाय."

"आन् काम दुसरीकडं दिलं तर?"

"द्या की!" अक्का गरजली. "असले हात कुठं गावत्यात बघा!"

मग एकीचं संपलं की दुसरी, गोलानं साऱ्या बोलल्या. शेठनी मानलं. पुढच्या आठवड्यात तेजाबाचे कॅन आमच्या घरांतून गेले, ते कायमचे.

ताई गेल्या, पण एकही गुरुवार चुकलेला नाही. आता त्यांच्या उशीवर मी मधे बसते. दोन नव्या सुना येतात, त्यातली एक अजून तोंड उघडत नाही. परवा मी उशी उचलली आणि हातभर मागं सरकले.

"आता तूबी व्हय?" अक्का म्हणाली.

"व्हय," मी म्हणाले. चांगलं मोठ्यानं.