हरळीवरचे हॉकीवाले

कंपनीच्या हॉकी टीमचे आम्ही जुने चार गडी बोईसरला भेटलो की एका चहात कधी भागत नाही. एकाने किस्सा काढला की दुसरा म्हणतो, "थांब रे, त्याच्या आधीचं सांग!" त्यात माझा आवाज सगळ्यात मोठा. गोलकीपर ना मी! जन्मभर मागे उभा राहून ओरडलोय, आता कोण गप्प बसवणार? त्या काळी एमआयडीसीत क्रिकेटच्या टीमा ढिगाने होत्या. हॉकीची आमची एकच. छाती फुगवूनच सांगणार!

*

आमचं ग्राउंड सरावलीच्या बाजूला. आधी तिथे नुसता मुरूम होता. आमचा कॅप्टन हरिभाऊ राऊत कंपनीत टर्नर, पण घरी चिकूची वाडी. त्याने वाडीतून पोती भरभरून हरळी आणली आणि अख्ख्या टीमला ओणवं करून लावून घेतली. शिफ्ट सुटली की आधी गवताला पाणी, मग हॉकी.

एकदा नवे मॅनेजर शॉर्टकट म्हणून गाडी सरळ ग्राउंडवर घालायला निघाले. हरिभाऊ पाण्याचा पाइप घेऊन आडवा! साहेब तडकले, "ग्राउंड कंपनीचं आहे, माहीत आहे ना?"

"हो सायेब. पन गवत माजं हाय."

साहेबांनी मुकाट्याने गाडी रिव्हर्स घेतली.

*

गवत फर्स्टक्लास म्हटल्यावर गिऱ्हाइकंही आली. पालघरच्या टीमबरोबर मॅच ऐन रंगात आलेली, आणि एक म्हैस माझ्या गोलसमोर येऊन निवांत चरायला लागली. समोरच्याने सणसणीत हाणलेला बॉल तिच्या पोटावर आपटला आणि वळून थेट गोलमध्ये! पालघरवाले नाचायला लागले.

मी बोंब ठोकली, "अंपायर! म्हैस ऑफसाइड होती!"

अंपायर एवढा हसला की तोंडातली शिट्टी खाली पडली. गोल काही दिला नाही त्याने.

*

मग नव्वदच्या आसपास मुंबईच्या एका स्पर्धेत आम्हाला बोलावणं आलं. पहिल्यांदाच टर्फवर, म्हणजे प्लास्टिकच्या गवतावर! मॅचच्या आधी तिथली माणसं टर्फवर पाणी मारत होती. हरिभाऊ खूश. "बग, पानी घालतायत. काळजी हाय लोकांना." मग खाली बसून त्याने हात फिरवला, वास घेतला आणि तोंड एवढंसं केलं. "अरे, याला वासच नाय!"

आठ गोल खाल्ले. म्हणजे मीच खाल्ले! आमच्या गवतावर बॉल जरा दमानं येतो, इथे दिसेपर्यंत मागच्या फळीवर खाडकन वाजायचा. आमचा फॉरवर्ड गुरमीत, फाउंड्रीतला सरदारजी, दोन्ही गुडघे सोलून बाहेर आला. "घास पे गिरो तो हरा दाग, इस पे गिरो तो लाल!"

वर समोरच्या टीमचा कॅप्टन हसत म्हणाला, "टर्फ नाही तर हॉकी कशाला खेळता? गवत आहे ना, गुरं पाळा!"

आम्ही हसण्यावारी नेलं. हरिभाऊला मात्र ते फार लागलं. त्यात वेल्फेअर ऑफिसरने बोलावून सांगितलं, "कंपनीचं नाव घालवलंत. टीम बंद करू या." हरिभाऊने हात जोडले. त्याला कोणापुढे हात जोडताना मी तेव्हाच पाहिलं. "सायेब, एक साल द्या. पुढच्या खेपेला हरलो तर मीच स्टिका आनून देतो."

*

वर्ष मिळालं, पण टर्फ कुठून आणायचा? कॅन्टीनच्या गुळगुळीत लादीवर प्रॅक्टिस करून पाहिली. पहिल्याच दिवशी बॉल डाळीच्या टोपात! कॅन्टीनच्या बाईंनी झारा घेऊन आम्हाला गेटपर्यंत पिटाळलं.

तेव्हा आमचा फुलबॅक नारायण तांडेल बोलला. हा जवळच्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचा, घरची होडी. "ओहोटीला आमच्याकडं या. दाखवतो."

गेलो. पाणी लांब गेलेलं आणि मागे ओली, कडक, सपाट वाळू. नारायणने बॉलला नुसता धक्का दिला. सूं! बॉल जो सुटला तो थेट समुद्राच्या दिशेने. गुरमीत मागे धावत ओरडतोय, "ओये, यही तो है!"

त्या दिवसापासून आमची प्रॅक्टिस तिथीवर. नारायणचे वडील सांगणार कधी पाणी उतरणार, आणि हरिभाऊ त्याप्रमाणे शिफ्ट बदलून मागणार. "पुनवेला सांजची सुट्टी पायजे. अवसेला पन." सुपरवायझर घाबरला. "राऊत, ही हॉकीची टीम आहे की भगताची?"

वर्षभर असंच चाललं. पण वाळूवरून परतताना हरिभाऊ दर वेळी सरावलीला उतरायचा. हरळीला पाणी घातल्याशिवाय हा माणूस घरी गेला नाही.

*

दुसऱ्या वर्षी तीच स्पर्धा, समोर तीच टीम. हरिभाऊने टर्फवर हात फिरवला. "वली हाय. आपलीच वाळू समजा." दोन-एकने जिंकलो! शेवटचा बॉल मी पॅडने अडवला, आणि तो दिसला मला, अगदी शिवण दिसली त्याची! हरिभाऊ मधोमध उभा राहून लहान पोरासारखा रडला. आम्हीही रडलो, खोटं कशाला सांगू.

त्यांचा कॅप्टन चक्रावला. "तुमच्याकडे टर्फ कधी आला?"

डोळे पुसत हरिभाऊ म्हणाला, "आमचा जुनाच हाय. नवापूरला या एकदा, खेळू."

आणि आले की हो! न कळवता, एका रविवारी, पुनवेच्या भर दुपारी. टेम्पो भरून अख्खी टीम, बूट घालून, स्टिका घेऊन तयार. सोबत आमचा वेल्फेअर ऑफिसर. आपण मंजूर न केलेला टर्फ कोणी घातला, हे त्याला बघायचं होतं. नारायणच्या घरी हरिभाऊ आणि मी जेवायला बसलेलो, तसेच उष्ट्या हाताने बाहेर आलो.

समोर उधाणाची भरती. लाटा पार सुरूच्या झाडांना टेकलेल्या.

कॅप्टनने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "टर्फ कुठाय?"

हरिभाऊने उष्टा हात समुद्राकडे केला.

"हा काय. आज पानी जरा जास्त घातलंय. बसा, सांजपर्यंत निचरा हुईल."