कानाचं मशीन आणि चार बेडूक

माझे सगेसोयरे, शेजारी, ऑफिसातले सहकारी आणि ज्यांच्या ज्यांच्या कार्यात मी आजवर पोटभर जेवलो ते सगळे यजमान, यांच्यासमोर आज एक गंभीर निवेदन करणं मला भाग आहे. कृपया बसून घ्यावं. पंखा लावावा. लहान मुलांना आत पाठवू नये, उलट त्यांनी पुढं येऊन ऐकावं. तर निवेदन असं, की मी एकटा चार बेडूक आहे.

हसू नका. पहिला मोठा, पिवळा. त्याचा आवाज पोटातून काढावा लागतो, रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी कुणाचा तरी अपमान करावा तसा. दुसरा अंगावर फोड असलेला, मातकट, भिंतीच्या कडेनं राहणारा. तो लांबच लांब कर्र करतो, शेजारच्या घरात शिवणयंत्र चालू असल्यासारखा. तिसरा पाण्याच्या काठचा, अंगठ्याएवढा. कंगव्याच्या दातांवरून नख फिरवलं की तो हजर. आणि चौथा जमिनीत दडून बसणारा गोलमटोल प्राणी, पाऊस मुरला की वर येतो आणि शेळीच्या करडासारखा कण्हतो. हा चौथा काढताना माझा चेहरा असा होतो, की बायको पाहुण्यांसमोर ओळख दाखवत नाही.

ही विद्या मी मुकुंदवाडीत शिकलो. स्टेशनच्या मागं तेव्हा मोकळं मैदान होतं आणि पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचायचं. संध्याकाळ झाली की तिथं असा गलका उठायचा, की पॅसेंजर येऊन गेलेली कळायची नाही. मी खिडकीत बसून त्यांना उत्तरं द्यायचो. वडील म्हणायचे, बाहेरचे पुरेसे आहेत, घरात नको. आता त्या जागी इमारती आहेत, इमारतींखाली दुकानं आणि दुकानांत मोबाईलची कव्हरं. मैदान गेलं, गलका गेला, मी तेवढा उरलो.

उरलो, पण कुणासाठी, हा प्रश्न मला अलीकडेच पडला. नात्यातल्या एका बारशात नेहमीप्रमाणे फर्माईश झाली. मी पहिला बेडूक काढला आणि पुढं बसलेल्या मुलांना म्हणालो, ओळखा. एक म्हणाला, जनरेटर. दुसरी म्हणाली, पप्पांची बाईक सुरू होत नाहीये. तिसऱ्यानं नीट विचार करून सांगितलं, काकांना गॅस झालाय. मोठी माणसं खूप हसली. मीही हसलो. हशा मिळाला की कारण विचारायचं नाही, असा माझा शिरस्ता आहे. पण घरी जाताना जाणवलं, की नक्कल करणाऱ्याचं एक दुखणं असतं. ज्याची नक्कल करायची, तो आधी लोकांना माहीत असावा लागतो.

माझ्या कलेला आयुष्यात टीकाकार एकच मिळाला. ते माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणतो, बायको आप्पा म्हणते. ते गंगापूरच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला, वस्तीवर राहतात. वस्ती म्हणजे गावापासून लांब, शेतातच बांधलेलं घर. मागं विहीर, विहिरीपलीकडं ओढा. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी तिथं गेलो, तेव्हा जावयाचे गुण पाहायला भावकी जमली होती. मी चारही बेडूक सादर केले. बायकांनी पदर तोंडाला लावले, पोरं लोळली. मामा मात्र हसले नाहीत. सकाळी मी दात घासत असताना पाण्याचा तांब्या घेऊन ते जवळ आले आणि अगदी हळू, मला वाईट वाटू नये म्हणून इकडंतिकडं बघत म्हणाले, "जावईबापू, तिसरा जरा चुकतो. तो मधी दम घेतो."

मी त्यांना विचारलं, कसा दम घेतो. तर त्यांना दाखवता येईना. ते म्हणाले, पावसाळ्यात या, ऐकवतो. पण जावयानं पावसाळ्यात सासुरवाडीला जाऊन चिखलात बसावं, असा आपल्याकडं सण नाही. मी गेलो नाही आणि माझा तिसरा वीसेक वर्षं तसाच चुकत राहिला.

मधल्या काळात मामांचे कान गेले. एकदम नव्हे, विहिरीचं पाणी उतरतं तसे. आधी ते प्रत्येकाला पुन्हा सांग म्हणायचे, मग नुसती मान हलवायला लागले. माझी बायको रोज संध्याकाळी फोन करायची आणि तिचे ते तीन प्रश्न आमच्या अख्ख्या बिल्डिंगला पाठ झाले होते. जेवलात का. गोळी घेतली का. बरं ठेवते. तिकडून काय उत्तर आलं याला अर्थ नसायचा, कारण ते प्रश्न न ऐकता दिलेलं असायचं.

या वर्षी तिनं त्यांना शहरात आणलं आणि कानाचं मशीन बसवलं. दुकानातून बाहेर पडल्यावर मामा फुटपाथवर थांबले आणि आपल्याच चपलांचा आवाज ऐकत दोन पावलं पुढं, दोन पावलं मागं असे चालले. घरी आल्यावर कुकर, मिक्सर, लिफ्ट आणि माझा घसा ऐकून त्यांनी मत दिलं, की तुमच्याकडं लई गोंधळ हाय. पण त्यानंतर ते वस्तीवर परतले आणि बायकोचे संध्याकाळचे फोन बदलले. ते तिला विचारायला लागले, भाजी काय केली. तिनं दोडका म्हटलं, तर दोडका कसा करायचा यावर ते बोलायचे. माझ्या सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, तर त्या दोडका कसा करायच्या, हे बायकोला पहिल्यांदा फोनवर कळलं. ती गच्चीत फेऱ्या मारत बोलायची, हळू आवाजात. मी इतकी वर्षं तिला फोनवर हळू बोलताना पाहिलंच नव्हतं.

आणि श्रावणात मामा अचानक जीपमध्ये बसून आमच्या दारात उभे राहिले. मशीन चुन्याच्या डबीत घालून आणलं होतं. डबी टेबलावर ठेवून म्हणाले, हे परत करा, हे खराब आहे.

दुकानातली मुलगी फार सोशिक. तिनं मशीन त्यांच्या कानात घातलं, मागं जाऊन कुजबुजत शब्द म्हटले, मामांनी सगळे बरोबर म्हणून दाखवले. तिनं टाचणी टाकली, तीही त्यांना ऐकू आली. मग तिनं विचारलं, काका, अडचण काय आहे. मामा म्हणाले, "माणसांचं समदं ऐकू येतं. बेडकांचं नाय येत." मुलीनं मशीनकडं पाहिलं, संगणकाकडं पाहिलं आणि माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी छताकडं बघायला लागलो. तिनं बारीक आवाज थोडे वाढवून दिले. त्यामुळे मामांना दुकानाचा एसी जास्त ऐकू यायला लागला, बाकी काही नाही.

मामांचा हिशेब सरळ होता. पाऊस बरा झाला आहे. ओढा वाहतो आहे. अशा संध्याकाळी वस्तीवर आपसात बोलणं मुश्किल व्हायचं, इतके बेडूक ओरडतात. आपण ओट्यावर मशीन लावून बसतो, तर शांत. मग दोष कुणाचा.

बायकोनं त्यांना जपून सांगून पाहिलं, की आप्पा, कदाचित बेडूकच राहिले नसतील. ते तिच्यावर रागावले. "गावातली शेळी मेली तरी दहा जण सांगायला येतात. येवढा ओढाभर जीव गेला आन् मला कुणी सांगितलं नाय, असं व्हईल का?" मशीन पुन्हा डबीत गेलं, डबी त्यांच्या पिशवीत गेली, आणि संध्याकाळी आमच्या गच्चीवरून तेच तीन प्रश्न मोठ्या आवाजात पुन्हा सुरू झाले. गोळी घेतली का, असं ती ओरडली आणि नंतर बराच वेळ कपडे वाळत नसलेल्या दोरीला धरून उभी राहिली.

पुढच्या रविवारी आम्ही वस्तीवर गेलो. आदल्या दिवशी चांगला पाऊस झाला होता. माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, तिथली शेती बघतो. तो विहिरीजवळ फवारणीचा पंप धूत होता. मी सहज विचारलं, इकडं बेडूक ओरडतात का.

"ओरडत्यात की दाजी." मग त्याचा हात थांबला. "ओरडत असतील." मग त्यानं पंप खाली ठेवला आणि ओढ्याकडं बघितलं. "नाय राव. आन् कधीपासून नाय, ते बी ध्यानात नाय."

मीही ओढ्याकडं बघितलं. दिवाळसणाला पाहिलेला ओढा वाकडातिकडा होता, वळणावळणाला डबकी साचलेली. आता तो यंत्रानं खोल आणि सरळ केलेला होता, पाणी आलं तसं मुकाट निघून जात होतं. कपाशी थेट काठापर्यंत आली होती. शेततळ्यात काळं प्लॅस्टिक अंथरलेलं, इतकं गुळगुळीत की आत पडलेल्याला वर येता येऊ नये. यातली एकेक गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि प्रत्येकीला चांगलं कारण होतं. पण रोज धडधाकट कानांनी तिथं वावरणाऱ्या एकालाही शांतता ऐकू आली नव्हती. मामा बहिरे होते, त्यामुळे त्यांच्यापुरता तो गलका चालूच राहिला होता. आठ-दहा पावसाळे ते या समजुतीत ओट्यावर बसले, की ते आपलं ओरडतायत, मलाच ऐकू येत नाही.

हे सगळं मी बायकोला सांगितलं. वाटलं, रडेल. पण आमच्या संसारात कधी न घडलेली गोष्ट घडली. ती म्हणाली, "तुमचे ते चौघं... आज बाहेर काढता का?"

माणसाला आयुष्यात कधीतरी आपल्या लायकीची भूमिका मिळते. मी चहा घेतला, गरम पाण्यानं गुळण्या केल्या, पोट जड झालंय, फेरी मारून येतो असं जाहीर केलं आणि दिवस मावळताना घराला वळसा घालून विहिरीमागं जाऊन बसलो. ही जुनी विहीर. बोअर घेतल्यापासून तिचं पाणी कुणी उपसत नाही, आत गवत माजलेलं, कठड्याला पिंपळ फुटलेला. पॅन्टचं काय झालं ते विचारू नका. डासांनी माझ्याभोवती स्वतःची मैफल जमवली. वस्तीवरचं कुत्रं समोर येऊन बसलं आणि आधीच कंटाळल्यासारखं बघायला लागलं. तिकडं ओट्यावर बायकोनं मामांना खुर्चीत बसवलं होतं आणि, आप्पा, एकदा शेवटचं लावून बघा, असं म्हणून डबीतलं मशीन त्यांच्या कानात घातलं होतं.

मी पहिला काढला. पिवळा, दांडगा, पोटातून. मग थोडं सरकून, दुसऱ्या कोपऱ्यातून आल्यासारखा, कर्र करणारा दुसरा. ओट्यावरचं बोलणं थांबलं. बायकोनं नंतर सांगितलं, की आप्पा खुर्चीत सरळ झाले आणि त्यांनी हात कानामागं धरला. मला यातलं काही दिसत नव्हतं, पण शांत प्रेक्षक कसा असतो ते माझ्या पाठीला कळतं. मी चौथाही काढला, चेहऱ्यासकट, कुत्र्यासमोर. आणि मग तिसरा, कंगव्याचा, जसा मी वीस वर्षं काढत आलोय तसा, सलग.

श्वास घ्यायला थांबलो आणि माझाच आवाज विहिरीतून परत आला.

छान, म्हटलं, विहीर घुमते. पण तो पुन्हा आला, आणि या वेळी मी तोंड मिटून बसलो होतो. कंगव्यावरून एकदा नख. मग थांबला. इतका वेळ थांबला, की मला वाटलं संपलं. मग दोनदा, लागोपाठ. मग पुन्हा तो दम. खाली, गवतात, अंधारलेल्या पाण्याच्या काठावर कुणीतरी एकटाच होता आणि मला उत्तर देत होता. मी कान देऊन दुसऱ्याची वाट बघितली, कारण एक असला की शंभर असतात असा माझा लहानपणापासूनचा अनुभव. दुसरा नव्हता.

मला कबूल आहे, की शहाण्या माणसानं इथं गप्प बसायला हवं होतं. पण मुकुंदवाडीच्या खिडकीत बसून ज्यांना उत्तरं दिली, त्यांच्यातल्या कुणीतरी इतक्या वर्षांनी मला विचारलं होतं, आहेस का. मी भान हरपून चारही बेडूक एकदम काढले, पिवळा, फोडवाला, करडू आणि सुधारलेला तिसरा, दम घेऊन, एकावर एक. कुत्रं उठून निघून गेलं. विहिरीतला गप्प झाला.

आणि ओट्यावरून माझे सासरे, जे लग्नापासून आजपर्यंत माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत, जे माझ्या चुकासुद्धा तांब्या हातात देऊन कानात सांगतात, ते अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असे ओरडले, "ओ जावईबापू, गप बसा की जरा! तो खरा हाय, त्याला बोलू द्या!"